बाल्कनीची केबिन, अडीच वर्षांचा नातू आणि रामदास बोट

प्रश्न : मी अलिबाग तालुक्यातली, वय ६१. मुलगी-जावई जर्मनीत असतात. जूनमध्ये आमच्या लग्नाला ३८ वर्षं होतील म्हणून त्यांनी आम्हा दोघांसाठी आणि स्वतःसाठी सात रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलंय. बार्सिलोनाहून निघून फ्रान्स-इटलीची बंदरं. दोन्ही केबिनना बाल्कनी. बरोबर अडीच वर्षांचा नातू. ह्यांना साखर आणि बीपी, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पण माझी खरी अडचण निराळी आहे. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ रामदास बोट बुडाली त्यात गेले. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी बोटीत पाय ठेवत नाही. मुंबईला जायचं तर आजही वडखळवरून एसटी. मोबाइलवर जहाज कलंडल्याचे, वादळात टेबल-खुर्च्या घसरत गेल्याचे व्हिडिओ बघून माझी झोप उडालीय. ह्यांचा गुडघा दुखतो, रद्द कर, असं मुलीला म्हटलं तर ती चिडली. म्हणाली, आई, तू नेहमी खोडा घालतेस. एवढी मोठी जहाजं खरंच बुडतात का? जावं की नको?
— एक आजी

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. जा. मात्र केबिन बदलून घ्या, आणि गुडघ्याची सबब मागे घेऊन मुलीला खरं कारण सांगा.

मी अकरा वर्षं प्रवासी जहाजांवर हाउसकीपिंगला होतो. केबिन आवरणं हे रोजचं काम. पण जहाजावर प्रत्येकाला, मग तो आचारी असो की रात्री गाणी म्हणणारा, संकटाच्या वेळचं एक दुसरं काम नेमून दिलेलं असतं. माझं काम होतं पाचव्या डेकच्या, म्हणजे मजल्याच्या, जिन्यापाशी उभं राहून लोकांना योग्य बाजूला धाडायचं. त्यामुळे घाबरलेली माणसं मी हाताच्या अंतरावरून पाहिली आहेत. तुमच्या भीतीला मी वेडी म्हणणार नाही. आमच्या वसईतही जुनी माणसं रामदासचं नाव निघालं की गप्प होतात.

१७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. ती बुडाल्याची खबर मुंबईत पोचायलाच कित्येक तास लागले. जी वाचली त्यातल्या अनेकांना कोळ्यांनी होडक्यांत ओढून घेतलं. आजच्या क्रूझ जहाजाची गोष्ट वेगळी आहे. ते कुठे आहे हे किनाऱ्यावरच्या माणसाला पडद्यावर दिसत असतं. लाइफबोटी आणि तराफे मिळून जहाजावरच्या माणसांच्या सव्वापट जागा ठेवावी लागते, आणि जहाज सोडायचा हुकूम झाल्यापासून तीस मिनिटांत ते सगळं पाण्यात उतरवता आलं पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २०२३ मध्ये जगभरात तीन कोटींहून जास्त लोक क्रूझवर गेले आणि परत आले.

तरी तुम्ही विचारलंत तसं, बुडतात का? अगदी क्वचित, पण हो. तुम्ही पाहिलेलं कलंडलेलं पांढरं जहाज बहुतेक ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ असणार. त्याची हकीकत नीट सांगतो, कारण तुमच्या सहलीपुरतं शिकायचं ते बरंचसं तिच्यात आहे.

१३ जानेवारी २०१२ ची संध्याकाळ. रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरातून जहाज निघालं. जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं. कप्तान फ्रांचेस्को स्केत्तिनो यानं जिल्यो बेटाला सलामी द्यायची म्हणून जहाज ठरलेला मार्ग सोडून किनाऱ्याच्या फार जवळ नेलं. पावणेदहाच्या सुमारास बूड खडकावर घासलं आणि एका अंगाला पन्नासेक मीटरची चीर पडली. इंजिनखोलीत पाणी शिरलं, वीज गेली. लोक जेवणाच्या टेबलांवर होते. त्यांना सांगण्यात आलं की विजेचा बिघाड आहे, केबिनमध्ये परत जा. जहाज सोडायचा हुकूम सुटायला तासाहून जास्त वेळ गेला. तोवर जहाज एका बाजूला इतकं झुकलं होतं की वरच्या अंगाच्या बोटी धड खाली सोडता येईनात. सव्वापट जागा असून ती वापरता आली नाही. बत्तीस माणसं गेली. सगळे उतरायच्या आत कप्तान स्वतः उतरला होता; पुढे त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली.

त्या जहाजावर दोनशेच्या आसपास भारतीय कर्मचारी होते. शेवटचा मृतदेह मिळाला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज तोडायला जेनोवाला नेल्यावर. तो आपल्या मुंबईकडचा एक वेटर होता. घरच्यांनी जवळजवळ तीन वर्षं वाट पाहिली. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं, हा आपल्यातलाच.

आता ताई, यातली एक गोष्ट लक्षात घ्या. त्या संध्याकाळी चिविताव्हेक्कियाला चढलेल्या सहाशेहून जास्त प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमानं ती चोवीस तासांत घेतली तरी चालायची, आणि ती दुसऱ्या दिवशी ठेवली होती. जहाज तीन तासांतच खडकावर गेलं. अंधारात, कललेल्या बोळातून, आपण कुठे जायचं हेच त्या लोकांना माहीत नव्हतं. यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते.

हल्ली बऱ्याच जहाजांवर या कवायतीचा अर्धा भाग मोबाइलवर किंवा केबिनच्या टीव्हीवर उरकतात. व्हिडिओ बघायचा, मस्टर स्टेशनवर म्हणजे जमायच्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, झालं. लोक लिफ्टनं जातात, कार्ड टेकवतात आणि थेट जेवायला. तुम्ही तसं करू नका. चौघं मिळून केबिनच्या दारापासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्यानं चालत जा आणि चालत परत या. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत डाव्या हाताला किती दारं लागतात ती मोजा. धूर झाला तर माणसाला दिसत नाही, हातानं चाचपावं लागतं. बोळात जमिनीलगत चमकणारी पट्टी असते, ती तेव्हाच बघून ठेवा. धुरात ओणवं होऊन तिच्या मागे जायचं असतं. भोंग्याची खूणही पाठ करा : सात आखूड आणि मग एक लांब. तो ऐकला की बॅग, दागिने, पासपोर्ट यांच्या शोधात थांबायचं नाही.

एका रात्रीची गोष्ट. पहाटे पावणेतीनला धुलाईघरातल्या एका ड्रायरनं पेट घेतला. आमच्या लोकांनी वीसेक मिनिटांत आग विझवली, कुणाला ओरखडाही आला नाही, पण खबरदारी म्हणून सगळ्या प्रवाशांना मस्टर स्टेशनवर बोलावलं. मी जिन्यापाशी उभा. लोक दोन्ही बाजूंनी येत होते, काही वर चढत होते, काही उतरत होते, एक गृहस्थ ओढायची सुटकेस घेऊन लिफ्टचं बटण दाबत होते. लिफ्ट अशा वेळी बंद केलेली असते. त्या गर्दीतून एक ऐंशीच्या घरातले आजोबा अनवाणी, एका हातानं कठडा धरून, कुणालाही काही न विचारता सरळ आपल्या जागी गेले. नंतर मी त्यांना म्हटलं, तुम्हाला बरं माहीत होतं. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी बायकोला घेऊन दोनदा चालून आलो होतो. त्यांची बायको त्यांच्या मागेच होती, त्यांचे बूट हातात घेऊन.

तुमच्या यजमानांचा गुडघा इथे कामाचा मुद्दा आहे. रात्री लिफ्टशिवाय पाच-सहा मजले चढउतार त्यांना झेपणार नसेल, तर मुलीला कंपनीला आत्ताच कळवायला सांगा. जिने न चढू शकणाऱ्यांची यादी असते आणि त्यांना आणायला माणसं नेमलेली असतात. पण यादीत नाव हवं. लाजून गप्प बसणारे आपलेच लोक जास्त असतात, हे मी पाहिलंय. शिवाय केबिन मागताना मस्टर स्टेशनच्या जवळच्या मजल्यावरची मागता येते.

वादळाचं थोडक्यात. खुर्च्या घसरत जातानाचा तो व्हिडिओ नॉर्वेजवळचा असावा, ‘व्हायकिंग स्काय’ जहाजाचा, मार्च २०१९. इंजिनांतल्या वंगणतेलाची पातळी कमी ठेवलेली होती. जहाज जोरात डोलायला लागल्यावर इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि जहाज खडकांकडे वाहत गेलं. ४७९ लोकांना हेलिकॉप्टरनं एकेक करून उचललं. बाकीचे जहाजावरच राहून दुसऱ्या दिवशी बंदराला लागले. कुणी दगावलं नाही. तो हिवाळा सरतानाचा नॉर्वेचा समुद्र होता. जूनमधला भूमध्य समुद्र बहुतेक शांत असतो. तरी जहाज डोलत असेल तेव्हा यजमानांना जिन्यावर आणि न्हाणीघरात दोन्ही हात मोकळे ठेवायला सांगा. केबिनच्या न्हाणीघराला वीतभर उंच उंबरा असतो. पडलेल्या माणसांना उचलायला मी वादळापेक्षा त्या उंबऱ्यापाशी जास्त वेळा गेलोय.

आता नातवाकडे येतो. तुमच्या पत्रातलं मला खरोखर काळजीचं वाटलेलं वाक्य बोटीचं नाही, बाल्कनीचं आहे.

बाल्कनीचा कठडा मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो आणि खाली काच असते. पोर काचेतून पडत नाही. ते खुर्चीवर चढतं. प्रत्येक बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक बुटकं टेबल असतंच, आणि अडीच वर्षांच्या मुलाला ते ढकलत नेणं दोन मिनिटांचं काम. दुसरं तिथलं दार. बाल्कनीचं दार उघडं असताना कुणी केबिनचं दार उघडलं की वाऱ्याचा झोत आरपार जातो आणि जड दार तोफेसारखं मिटतं. मी एका बाईंचा हात त्यात सापडलेला पाहिलाय. त्यांची करंगळीशेजारची अंगठी चपटी झाली होती आणि ती कापून काढायला दवाखान्यात पक्कड लागली. मी टॉवेल गुंडाळून धरला होता, त्या सारख्या म्हणत होत्या, मी फक्त चहा घ्यायला वळले होते. त्यानंतर मी ज्या केबिनमध्ये लहान मूल असेल तिथे न्हाणीघराच्या दारावरूनही एक जाड टॉवेल टाकून ठेवायचो, म्हणजे ते पूर्ण मिटत नाही.

म्हणून म्हणतो, केबिन बदला. बाल्कनीऐवजी न उघडणाऱ्या खिडकीची घ्या. समुद्र तितकाच दिसतो, पैसेही कमी लागतात. बदलता आलीच नाही, तर पहिल्या दिवशी स्टुअर्डला, म्हणजे केबिन आवरणाऱ्याला, सांगून बाल्कनीतलं फर्निचर काढून न्यायला लावा, दाराला वर कडी असते ती कायम लावून ठेवा आणि एक मोठा माणूस बाल्कनीत उभा असल्याशिवाय दार उघडायचं नाही असा चौघांचा नियम करा.

आणि ताई, हे लिहिताना जड जातंय, पण लिहितो. जुलै २०१९ मध्ये पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर दीड वर्षांची मुलगी अकराव्या डेकवरच्या उघड्या खिडकीतून पडून गेली. आजोबांनी तिला उचलून कठड्यापाशी धरलं होतं. समोर काच आहे असं वाटलं, असं ते म्हणाले. जहाज हलतही नव्हतं, ऊन पडलं होतं. नातवाला समुद्र दाखवायला उचलून घेणं ही आजी-आजोबांची पहिली ऊर्मी असते. जहाजावर त्याला कठड्यापाशी उचलू नका. खाली बसा, तुम्हीच त्याच्या उंचीवर या. काचेतून दाखवा.

त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट चढल्या दिवशीच मागून घ्या आणि एकदा अंगात घालून बघा. मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली निसटतं. मुलांच्या खेळघरात त्याला सोडणार असाल तर भोंगा झाल्यावर त्याला तुम्ही आणायचं की तिथल्या ताई मस्टर स्टेशनवर घेऊन येणार, हे आधी विचारून ठेवा. नाहीतर आई धावते खेळघराकडे आणि मूल पोचतं दुसरीकडे. जहाजावरच्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका.

पोटाच्या साथी या जहाजांवर मधूनमधून होतात. बाटलीतल्या सॅनिटायझरचा या साथी आणणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसा उपयोग होत नाही, म्हणून साबण आणि पाणी, जेवणाआधी आणि संडासनंतर. यजमानांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा; मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते. जहाजावर डॉक्टर असतो, पण फुकट नसतो. प्रवास-विमा घेताना क्रूझ त्यात धरलीय का आणि साखर-बीपी नोंदवलंय का, हे मुलीला वाचून बघायला सांगा. काही बंदरांत जहाज लांब उभं राहतं आणि लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात. ती बोट आणि जहाज वेगवेगळं हलतं. तिथे उभा असलेला खलाशी तुमचा हात नाही, मनगटाच्या वरचा भाग पकडतो, तुम्हीही त्याचा तसाच पकडायचा आणि तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. समुद्र खवळलेला वाटला तर यजमानांनी त्या दिवशी जहाजावरच थांबावं. एखादं गाव बघायचं राहिलं तर राहू द्या.

लग्नाचा वाढदिवस आहे म्हणजे तुमच्या बॅगेत निरांजन आणि उदबत्ती असणार. ती घरीच ठेवा, इलेक्ट्रिक किटलीही. जहाजावर सगळ्यांत घाबरतात ते आगीला. २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजावर बहुधा एका पेटत्या सिगारेटनं बाल्कनी पेटली आणि बघता बघता अनेक मजले जळाले, एक प्रवासी गेला. मुलीला ओवाळायचंच असेल तर सुपारी-अंगठीनं ओवाळू दे.

राहता राहिली मुलगी. तिला रामदासची गोष्ट कितपत माहीत आहे? आपल्या घरांत असल्या गोष्टी सांगत नाहीत, नुसत्या पाळतात. तिनं लहानपणापासून फक्त एवढंच पाहिलंय की आई बोटीला नाही म्हणते. तुम्ही गुडघा पुढे केलात, तिला खोडा वाटला. तिला फोन करा आणि चुलत सासऱ्यांचं नाव सांगा, ते त्या दिवशी कशासाठी निघाले होते ते सांगा, तुमच्या सासूबाईंनी त्या अमावास्येला काय पाळलं ते सांगा. आणि त्याच फोनमध्ये केबिनचं सांगा, म्हणजे तिला कळेल की आई नको म्हणत नाहीये.

एक शेवटचं. मे महिन्यात, समुद्र बरा असतानाच, तुम्ही दोघं मांडव्याहून रो-रोनं, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीनं, भाऊच्या धक्क्याला जाऊन या. तासाभराचा प्रवास आहे. बोटीत शिरल्यावर आधी लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जाताना काशाच्या खडकाची बाजू कुठली ते खलाशाला विचारा. बरोबर एक नारळ न्या. परत आलात की मला कळवा, रो-रोवर यजमानांना किती पायऱ्या चढाव्या लागल्या आणि गुडघ्यानं काय म्हटलं. त्यावरून कुठल्या मजल्याची केबिन मागायची ते मी तुम्हाला नीट सांगू शकेन.